पट्टीतले लपलेले रंग : भिंतीजवळच्या रेणूंची गोष्ट



आज सुरुवातीलाच तुम्हाला जागेवरून उठवणार आहे. मुलांच्या दप्तरातली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी किंवा कोनमापक शोधून आणा. सीडीची जुनी डबी सापडली तर फारच छान. सोबत एक पोलराइज्ड गॉगल लागेल. साध्या एलसीडी पडद्याच्या लॅपटॉपवर एक कोरं, पांढरं पान उघडा. गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा जवळजवळ काळा दिसेल. गॉगल तसाच धरून ठेवा आणि पडदा व गॉगल यांच्या मधे ती पट्टी आणा.

काय दिसलं? पडदा काळा, पण पट्टीत रंगच रंग. निळा, पिवळा, गुलाबी, मोरपिशी. पेट्रोल सांडलेल्या पाण्यावर दिसतात तसे पट्टे. आता नीट पाहा, हे पट्टे सगळीकडे सारखे नसतात. पट्टीच्या कडेला कुठेतरी बोटाला एक लहानसा खरखरीत ठिपका लागेल. त्याच्या आसपास पट्टे सर्वांत दाट असतात. कारखान्यात त्या जागेला गेट म्हणतात. वितळलेलं प्लास्टिक तिथून साच्यात शिरलं होतं.

म्हणजे गंमत पाहा. पट्टी तयार होऊन वर्ष झालं असेल, दहा वर्षं झाली असतील. ती घट्ट आहे, थंड आहे, दप्तरात निवांत पडून आहे. तरी ती कुठून वाहिली, किती जोरात वाहिली आणि किती घाईनं थंड झाली, याची नोंद तिच्या अंगात शिल्लक आहे. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं साधारण १८१५ साली दाखवून दिलं, की ताणाखाली असलेली काच अशा प्रकाशात रंग दाखवते. प्लास्टिकमध्ये त्या ताणाच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे एका दिशेनं ओढल्या गेलेल्या लांब रेणूंची रांग.

हे रंग वाचायला मी जरा उशिरा शिकले. त्या उशिराची किंमत काय असू शकली असती, तेही आज सांगणार आहे. पण आधी रेणू समजून घेऊ.

पाच मीटर दोरा, तीस सेंटिमीटर गुंडाळी

प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. आज हे आपण सहज बोलतो, पण १९२० साली हरमान स्टाउडिंगर यांनी ही कल्पना मांडली तेव्हा भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांना ती पटली नव्हती. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. स्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं ते १९५३ साली, म्हणजे तेहेतीस वर्षांनी.

पॉलिस्टायरीन घ्या. सीडीची डबी याचीच असते, बऱ्याच स्वस्त पट्ट्याही. त्यातल्या एका साखळीत साधारण दोन हजार दुवे आहेत असं धरू. ती पूर्ण ताणली तर लांबी भरेल सुमारे ५०० नॅनोमीटर. पण मोकळी सोडली तर ती ताणलेली राहत नाही. ती स्वतःभोवती वेडीवाकडी गुंडाळते आणि जेमतेम ३० नॅनोमीटर जागेत मावते. एका नॅनोमीटरला एक सेंटिमीटर मानलं तर पाच मीटर दोरा तीस सेंटिमीटरच्या गुंडाळीत बसला. म्हणजे तुमच्या हातातल्या पट्टीच्या लांबीएवढा!

ती गुंडाळी का होते? कोणी आतून ओढून धरलंय म्हणून नाही. सरळ राहण्याचा प्रकार एकच असतो, वेडंवाकडं राहण्याचे प्रकार अगणित असतात. गरम साखळीचा प्रत्येक दुवा सतत चुळबुळत असतो. या चुळबुळीत ती जिकडे प्रकार जास्त, तिकडे आपोआप जाते. खिशात ठेवलेल्या इअरफोनची वायर सरळ का सापडत नाही, याचं उत्तर बरंचसं हेच आहे.

आता ही साखळी कोणी ओढून ताणली आणि सोडून दिली, तर ती पुन्हा गुंडाळी होणार. पण लगेच नाही. तिला वेळ लागतो. आजचा सगळा विषय या वेळेत आहे.

दोन घड्याळं

कल्पना करा, भिंतीवर दोन घड्याळं लावली आहेत.

पहिलं घड्याळ प्रवाहाचं. प्रवाह साखळीला किती घाईनं ओढतोय, ते हे घड्याळ सांगतं.

दुसरं घड्याळ साखळीचं. ओढल्यानंतर तिला ते ओढणं विसरून पुन्हा गुंडाळी व्हायला किती वेळ लागतो, ते हे दुसरं घड्याळ सांगतं. या वेळेला शिथिलीकरणाचा काळ म्हणतात. मी त्याला सरळ 'विसरण्याचा वेळ' म्हणणार आहे.

प्रवाह हळू आणि साखळी चटकन विसरणारी असेल, तर काहीच घडत नाही. प्रवाह ओढतो, ती परत गुंडाळते, तो ओढतो, ती गुंडाळते. पण प्रवाहाची घाई विसरण्याच्या वेगापेक्षा जास्त झाली, की साखळी ताणली जाते. या दोन्हींच्या गुणाकाराला वायसेनबर्ग आकडा म्हणतात. तो एकापेक्षा बराच कमी असेल तर साखळी निवांत, एकाच्या वर गेला की ताण सुरू.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत स्टीव्हन च्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या एकेका रेणूला चमकणारा रंग लावला आणि वाहत्या द्रवात तो कसा ताणतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं. डीएनए हासुद्धा एक पॉलिमरच. प्रवाह वाढवला की गुंडाळी उलगडते, थांबवला की परत मिटते. पण एकाच प्रवाहात सगळे रेणू सारखे वागत नाहीत. कोणी लवकर उलगडतो, कोणी घोटाळत राहतो, कोणी मधेच दुमडून अडकतो.

आता तापमान कुठे आलं? ते दुसऱ्या घड्याळाच्या किल्लीत आलं. साखळीचा विसरण्याचा वेळ तापमानावर इतका अवलंबून असतो, की पहिल्यांदा आकडे मांडले तेव्हा मला वाटलं माझं गणित चुकलं. आपल्या पॉलिस्टायरीनच्या साखळीचा ढोबळ हिशेब सांगते. २०० अंश सेल्सियसला विसरायला लागतो सेकंदाचा दहावा भाग. १३० अंशांना पाव तास. ११० अंशांना आठवडा. १०० अंशांना काही वर्षं! आणि घरातल्या तापमानाला? आपल्या हिशेबापुरतं, कधीच नाही. पॉलिस्टायरीनसाठी हा शंभर अंशांचा उंबरठा म्हणजे त्याचं ग्लास ट्रान्झिशन तापमान. त्याच्या खाली साखळ्या असतील त्या अवस्थेत थिजतात.

म्हणून तुमच्या पट्टीतले रंग दहा वर्षांनीही तसेच आहेत. प्रवाहानं ओढलं, आणि साखळीनं ते विसरायच्या आत तिचं घड्याळ बंद पडलं.

भिंतीजवळ काय वेगळं?

आता साच्याकडे येऊ. कारखान्यात आम्ही त्याला मोल्डच म्हणतो, पण इथे साचा म्हणू या. पोलादाचे दोन भाग, मधे दोन मिलिमीटरची फट. त्या फटीत वितळलेलं प्लास्टिक दाबानं शिरतं.

साच्याला टेकलेला प्लास्टिकचा थर जवळपास जागचा हलत नाही. मधला थर सर्वांत वेगात जातो. मग ओढाताण कुठे जास्त? पटकन उत्तर येतं, मध्ये, कारण तिथे वेग जास्त. तिथेच आपण फसतो. साखळीला ओढतो तो वेगातला फरक. चालत्या गाडीत सगळेच एका वेगानं जात असतात, तिथे कोणी पडत नाही. पडतो तो एक पाय फलाटावर आणि एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवणारा. भिंतीजवळच्या प्रत्येक साखळीची तीच अवस्था असते. तिचं एक टोक जवळपास थांबलेल्या थरात, दुसरं टोक पळणाऱ्या थरात.

आकडाच काढू. फट दोन मिलिमीटर, प्लास्टिक सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगानं पुढे जातंय. साध्या द्रवाचं सूत्र लावलं तर भिंतीपाशी वेगातल्या फरकाचा दर येतो सेकंदाला ३००. अगदी मध्यावर तोच दर शून्य. २०० अंशांना विसरण्याचा वेळ ०.१ सेकंद, म्हणजे भिंतीपाशी वायसेनबर्ग आकडा झाला ३०. एकाच्या किती वर! आणि हे भिंतीजवळचं प्लास्टिक अजून गरम आहे असं धरून. प्रत्यक्षात साचा थंड असतो, आणि तिथे दुसरं घड्याळही मंदावत जातं. म्हणजे भिंतीजवळ दोन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडतात. ओढणं सर्वांत जास्त आणि विसरणं सर्वांत हळू.

साय

दूध तापवून ठेवलं की वर साय धरते. साच्यात दोन्ही भिंतींना अशी साय धरते, आणि दूध मात्र मधून वाहतच असतं.

ती किती लवकर धरते? प्लास्टिकमधून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की अंतर दहापट झालं तर वेळ शंभरपट होतो. भिंतीपासून ०.१ मिलिमीटर आतला थर सुमारे ०.१ सेकंदात थंड होतो. एक मिलिमीटर आत, म्हणजे दोन मिलिमीटरच्या वस्तूच्या अगदी मध्यावर, थंड व्हायला दहाएक सेकंद लागतात. साचा भरायला साधारण एक सेकंद लागतो असं धरा. म्हणजे वस्तू पूर्ण भरायच्या आधीच तिची कातडी थिजलेली असते, आणि त्या कातडीच्या आतून गरम प्लास्टिक पुढे धावत असतं.

ही कातडी येते कुठून, हेही मजेदार आहे. प्लास्टिकची पुढची कड भिंतीला घासत जात नाही. मधलं वेगवान प्लास्टिक पुढे येतं, कडेपाशी पोचतं आणि कारंज्यासारखं दोन्ही भिंतींकडे उघडतं. त्याला फाउंटन फ्लो, कारंज-प्रवाह म्हणतात. उघडताना साखळ्या ताणल्या जातात आणि भिंतीला टेकताक्षणी थिजतात. १९७४ साली झेहेव्ह टाडमोर यांनी साच्यातल्या रेणूंच्या रांगांचा उलगडा याच कारंज्याच्या मदतीनं केला.

म्हणून वस्तूची जाडी आडवी कापून पाहिली तर थर सापडतात. अगदी बाहेर कारंज्यानं ताणलेली पातळ कातडी. तिच्या आत, थिजलेल्या कातडीला घासून वाहिलेला आणि मग थिजलेला दुसरा ताणलेला थर. आणि मध्यभागी निवांत गुंडाळ्या, कारण तिथे ओढणं कमी होतं आणि विसरायला भरपूर वेळ मिळाला. बाहेरून एकसंध दिसणारी पट्टी आतून अशी वेगवेगळ्या स्वभावांची असते.

सात सेकंदांची किंमत

आता माझी गोष्ट. आमचं घर इंदूरचं, मराठी वस्तीतलं. शिक्षण संपवून मी पिथमपूरच्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर म्हणून लागले. तिथे कामगारांसाठी संरक्षक चष्मे बनत. काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट. हे फार दणकट प्लास्टिक. त्याचं ग्लास ट्रान्झिशन तापमान दीडशे अंशांच्या किंचित खाली. साचा आम्ही ९० अंशांना ठेवायचो.

मागणी वाढली. एका चष्म्याला ३४ सेकंद लागत होते, ते कमी करा असं वरून आलं. मी हिशेब केला. साचा ६० अंशांवर आणला तर वस्तू लवकर थंड होते, लवकर निघते. २७ सेकंदांत काम होतं. प्रत्येक चष्म्यामागे सात सेकंद वाचतात. कागदावर फार सुंदर दिसत होतं.

मशीनवर एक वयस्कर ऑपरेटर होते. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांनी पहिले चार-पाच चष्मे हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "मॅडम, माल घबरा रहा है." मी हसले. मोजमाप बरोबर होतं, काच स्वच्छ होती. पोलादी गोळी टाकून बघायची चाचणीही पास झाली. मी सही केली.

दीड-दोन महिन्यांनी तक्रार आली. चष्म्याच्या कडेला, जिथे दांडी बसते तिथे, बारीक तडे जात होते. एका चष्म्याचा कोपरा तर कामगाराच्या हातात तुटून आला. त्या क्षणी त्याचं ग्राइंडर बंद होतं. चालू असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

ते कामगार काच पुसायला एक साफसफाईचा द्रव वापरत. मी लगेच म्हणाले, दोष त्या द्रवाचा. पण आमच्याच आधीच्या खेपेचे चष्मे त्याच कारखान्यात, त्याच द्रवानं पुसले जात होते, आणि ते शाबूत होते. मग दोन्ही खेपांचे चष्मे मी पोलराइज्ड प्रकाशात धरले. जुन्यात फिकट, रुंद पट्टे. नव्यात गेटपासून कडेपर्यंत दाट रंगांची गर्दी. दादा उजेडात काय बघत होते ते मला त्या दिवशी कळलं. त्यांच्याकडे ना गॉगल होता, ना सूत्र. पण इतक्या वर्षांत काचेतली किंचित लहर त्यांच्या नजरेला ओळखीची झाली होती.

घडलं होतं ते असं. साचा थंड केल्यानं साय लवकर आणि जाड धरली. उरलेल्या अरुंद वाटेतून प्लास्टिक जास्त घासून गेलं, म्हणून साखळ्या जास्त ताणल्या गेल्या. आणि थंड साच्यात त्यांना विसरायला वेळच मिळाला नाही. शिवाय बाहेरची कातडी आधी थिजलेली आणि आतला भाग नंतर आकसणारा, त्यामुळे कडांना, कोपऱ्यांना ताण अडकून बसला. एका दिशेनं रांगेत लागलेल्या साखळ्या लाकडाच्या रेषांसारख्या असतात. रेषेच्या दिशेनं ओढा, मजबूत. आडवं ओढा, चटकन फाटतं. तो द्रव फक्त निमित्त झाला. ताणलेल्या जागी तो आत शिरला आणि तडा उघडला. आमची चाचणी मात्र ताज्या, कोरड्या चष्म्यावर झाली होती. तिला हे दिसणं शक्यच नव्हतं.

ती सगळी खेप आम्ही परत मागवून मोडीत काढली. साचा पुन्हा ९० अंशांवर नेला. त्या दिवसापासून तपासणीच्या टेबलावर दोन पोलराइज्ड पत्रे आणि एक दिवा कायमचा आला, आणि चाचणीत द्रवाचा थेंबही आला. दादांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "माल बोलता है मॅडम, सुनना पड़ता है."

कोणी विचारेल, चष्मे नंतर ओव्हनमध्ये गरम करून चालले नसते का? थोडंफार. पॉलिकार्बोनेट सव्वाशे अंशांच्या आसपास काही वेळ ठेवलं तर अडकलेला ताण बराच सैल होतो. पण साखळ्यांची रांग फारशी मोडत नाही, कारण तिचं घड्याळ तिथेही जवळजवळ बंदच असतं. ती मोडायला दीडशेच्या वर जावं लागेल, आणि मग चष्म्याचा आकारच जाईल. जे साच्यात दहा सेकंदांत साधतं, ते नंतर साधत नाही.

सक्ती उपयोगी पडते तेव्हा

आता तुम्हाला वाटेल, ताणलेल्या साखळ्या म्हणजे वाईटच. तसं नाही. शाम्पूच्या बाटलीचं झाकण बघा, जे बाटलीलाच जोडलेलं असतं. मधे बिजागरी नाही, खिळा नाही, नुसती प्लास्टिकची पातळ पट्टी. ती हजारो वेळा उघडमीट झाली तरी तुटत नाही. ते पॉलिप्रोपिलीन असतं. साच्यात प्लास्टिक त्या पातळ फटीतून मुद्दाम पलीकडे नेलेलं असतं. तिथे साखळ्या घडीच्या रेषेला आडव्या, एका भागातून दुसऱ्या भागाकडे रांगेत लागतात. तीच गोष्ट, पण दिशा आपल्या सोयीची. गेट चुकीच्या जागी ठेवलं तर तेच झाकण थोड्या वापरात तुटतं.

म्हणजे प्रश्न ताणाचा नाही. तो कुठे थिजला, कोणत्या दिशेनं थिजला आणि आपण तो ठरवून थिजवला की घाईत, हा प्रश्न आहे.

फक्त प्रवाह, फक्त तापमान

साच्यात प्रवाह आणि तापमान दोघं मिळून खेळतात. दोघांना वेगळं करून पाहायचं असेल तर दोन फार सुंदर उदाहरणं आहेत, आणि दोन्ही कारखान्याबाहेरची.

फक्त प्रवाहाचं उदाहरण आपल्या रक्तात आहे. तिथे तापमान सदतीस अंशांच्या आसपास बांधलेलं. रक्तात व्हॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचं एक फार लांब प्रथिन असतं. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली रक्तस्रावाच्या एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं, त्यांचंच नाव याला मिळालं. एरवी ही साखळी गुंडाळी होऊन रक्तातून फिरते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण रक्तवाहिनीला जखम झाली, आणि तिथे भिंतीजवळच्या वेगातल्या फरकाचा दर फार वाढला, की भिंतीला चिकटलेली ही गुंडाळी उलगडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा दर सेकंदाला साधारण ५००० च्या घरात दिसला. उलगडली की तिच्यावरच्या चिकट जागा उघड्या पडतात आणि रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे अडकू लागतात. जिथे रक्त जोरात वाहतंय, तिथेच गोंद तयार होतो!

याची दुसरी बाजूही आहे. शरीरात एक कात्रीसारखं एन्झाइम असतं, ते उलगडलेली साखळीच कापतं. हृदयाची झडप अरुंद झाली, तर तिच्यातून रक्त इतक्या जोरात जातं की लांब साखळ्या विनाकारण उलगडतात आणि कापल्या जातात. मग आतड्यातून रक्तस्राव होऊ शकतो. अरुंद झडप आणि आतड्यातला रक्तस्राव यांचा संबंध एडवर्ड हाइड यांनी १९५८ साली नोंदवला होता. कारण बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि ते होतं वाहत्या द्रवातली एक ताणलेली साखळी.

फक्त तापमानाचं उदाहरण जपानमधलं. टोकियोमध्ये तेरुओ ओकानो यांच्या गटानं पेशी वाढवायच्या पात्राच्या तळाला एका खास पॉलिमरचा, सुमारे २० नॅनोमीटर जाडीचा थर बसवला. या साखळ्यांना ३२ अंशांच्या वर पाणी नकोसं होतं, त्या मिटून बसतात. ३२ च्या खाली त्या पाणी पिऊन फुगतात. सदतीस अंशांना पेशी या तळाला चिकटून मजेत वाढतात. मग पात्र नुसतं थंड करायचं. साखळ्या फुगतात, आणि पेशींची अख्खी चादर अलगद सुटून येते. खरवडायला नको, एन्झाइमनं तोडायला नको. २००४ साली जपानमध्येच रुग्णांच्या तोंडातल्या अस्तराच्या पेशींपासून अशा चादरी वाढवून त्यांच्या खराब झालेल्या बुबुळांवर बसवल्याचं प्रसिद्ध झालं. शस्त्रक्रियेआधी चादर सोडवायला लागलं ते फक्त थोडं कमी तापमान.

जाता जाता

पट्टी, चष्मा, शाम्पूचं झाकण, रक्त, बुबुळ. यादी लांबली, पण प्रश्न प्रत्येक वेळी जवळपास तेच होते. भिंतीजवळ साखळीला काय ओढतंय? आणि तिला पूर्वस्थितीला यायला उसंत मिळतेय का? कारखान्यात काम करणारे जे कोणी ऐकत असतील, वाचत असतील, त्यांना माझं एवढंच सांगणं. सायकल टाइम कमी करताना आपण फक्त वेळ वाचवत नसतो. साखळीचा विसरण्याचा वेळही आपण त्यातूनच कापत असतो, आणि ते बिलात कुठे दिसत नाही. बहुतेक वेळा सात सेकंद खरंच वाचतात. कधीकधी ते कोणाच्या तरी डोळ्यासमोर जाऊन फुटतात.

आता तुमचं काम. आजचा गॉगलचा प्रयोग घरातल्या निदान पाच पारदर्शक वस्तूंवर करून पाहा. प्रत्येकीत गेट कुठे असेल ते आधी ओळखा आणि मग रंग पाहून पडताळा. काचेचा पेला पाहा आणि प्लास्टिकचा पेला पाहा. एखादी वस्तू कडेला तडकलेली असेल तर तडा रंगांच्या कोणत्या भागात आहे, तेही पाहा. मुलांना सोबत घ्या. त्यांना हे रंग आपल्यापेक्षा लवकर दिसतात.

पुढच्या भागात आपण उलटा प्रश्न घेणार आहोत. साखळ्या मुद्दाम, अगदी टोकापर्यंत ताणल्या तर काय होतं? मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा इतका बळकट का असतो? तोपर्यंत नमस्कार, आणि माल काही बोलत असेल तर ऐकत राहा.